फॉर्ममध्ये नकाशा, नकाशावर पिन: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

‘ठिकाण’ असं लिहिलेला एक रकाना आणि पुढे रिकामी चौकट. बंद पथदिव्याच्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये या चौकटीत लोक काय लिहितात? ‘मारुतीच्या देवळामागे’, ‘जुन्या स्टँडकडून आत आल्यावर तिसरा पोल’, ‘आमच्या घरासमोर’. लिहिणाऱ्याला सगळं स्पष्ट असतं. शिडी घेऊन निघालेल्या वायरमनला मात्र कुठला मारुती आणि कुणाचं घर ते कळायला मार्ग नसतो. म्हणून फॉर्ममध्ये नकाशा घ्यायचा आणि ‘पोल कुठे आहे ते दाखवा’ असं म्हणायचं.

नकाशा पानावर दिसू लागणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. अवघड भाग पुढे येतो. तक्रार करणाऱ्याच्या मनातला पोल, त्याने टोचलेली पिन आणि डेटाबेसात गेलेले दोन आकडे, हे तिन्ही एकाच जागेचे असले पाहिजेत. यांच्यात फट पडायच्या जागा भरपूर आहेत, आणि या लेखाचा बराचसा भाग त्या बुजवण्यातच जाणार आहे.

उदाहरणासाठी वाई शहर घेऊ. समजा, तिथल्या पथदिव्यांसाठी आपण असा फॉर्म बनवतोय. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टची तोंडओळख आहे असं धरलं आहे. फंक्शन्सची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, कोड लिहिताना ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. नकाशा सुरू करण्याच्या चार-सहा ओळी आपण घेणार आहोत त्या लीफलेट या नकाशाच्या लायब्ररीच्या स्वतःच्या पानावर तयार मिळतात, त्या इथे पुन्हा देत नाही.

आधी ठरवा: जागा कुणाची?

कोड लिहिण्याआधी एक प्रश्न सोडवा. आपल्याला तक्रारदार कुठे आहे ते हवंय, की पोल कुठे आहे ते? ऐकायला बाळबोध वाटतं, पण बरेच फॉर्म इथेच घसरतात. दिवा बंद असल्याचं माणसाला रात्री येताना दिसतं आणि तक्रार तो घरी पोचून, जेवण झाल्यावर करतो. अशा वेळी ‘माझं ठिकाण वापरा’ हे बटण त्याच्या स्वयंपाकघराची जागा पाठवणार. फूड डिलिव्हरीच्या फॉर्ममध्ये नेमकं तेच हवं असतं, आपल्याला नको आहे. म्हणून आपल्या फॉर्ममध्ये नकाशावर बोट ठेवणं हा मुख्य रस्ता आणि जीपीएस हा मदतनीस.

साठवायच्या गोष्टी पाच: अक्षांश, रेखांश, ओळखीची खूण लोकांच्या शब्दांत, जागा कशी निवडली (टॅप, ओढणं, जीपीएस की शोध), आणि जीपीएस वापरला असेल तर त्याची अचूकता मीटरमध्ये. शेवटच्या दोन फाजील वाटतील. पण महिन्याभराने चुकीच्या पिनांचा माग काढताना पहिल्यांदा तेच रकाने उघडावे लागतात.

दोन आकड्यांशी ओळख

अक्षांश म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती, रेखांश म्हणजे ग्रिनिचपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती. वाई साधारण १७.९५ अक्षांश आणि ७३.८९ रेखांशावर आहे. अख्खा महाराष्ट्र अक्षांशाच्या सुमारे १५.६ ते २२.१ आणि रेखांशाच्या सुमारे ७२.६ ते ८०.९ या पट्ट्यात बसतो. हे दोन पट्टे एकमेकांना कुठेच शिवत नाहीत, ही आपली सोय. आकडा विशी-पंधराच्या घरातला असेल तर अक्षांश, सत्तर-ऐंशीच्या घरातला असेल तर रेखांश. अदलाबदल झाली तर नुसत्या नजरेने कळते.

आणि ती होतेच, कारण क्रमाबाबत जगात एकमत नाही. लीफलेट आणि गूगल मॅप्स अक्षांश आधी घेतात. जिओजेसन (नकाशाची माहिती लिहायचा साचा) आणि पोस्टजीआयएस (पोस्टग्रेस डेटाबेसची नकाशांसाठीची जोड) रेखांश आधी घेतात. मायएसक्यूएल ८ या डेटाबेसात ४३२६ क्रमांकाची (जीपीएसच्या अक्षांश-रेखांशांची) प्रणाली वापरली की पुन्हा अक्षांश आधी. वाईचे आकडे उलटे टाकलेत तर पिन नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात, बेअर आयलंडच्या जवळपास जाऊन पडते. त्यामुळे चलांना ‘ए’, ‘बी’ किंवा ‘कोऑर्ड्स’ असली मोघम नावं देऊ नका. ‘लॅट’ आणि ‘एलएनजी’ अशी सरळ नावं द्या आणि शक्यतो दोन आकड्यांची यादी इकडून तिकडे फिरवू नका.

दशांश चिन्हापुढे किती घरं? अक्षांशाचा एक अंश जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर भरतो. म्हणजे पाच घरं ठेवली तर साधारण एक मीटरपर्यंत आणि सहा ठेवली तर साधारण ११ सेंटिमीटरपर्यंत. सहा पुरेत. ब्राउझर चौदा-पंधरा घरं देतो, पण पोलच्या जाडीपेक्षा बारीक मोजमाप साठवून करायचंय काय?

नकाशा कुणाचा घ्यायचा?

नवख्याने लीफलेट आणि ओपनस्ट्रीटमॅप या जोडीने सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. लीफलेट ही व्होलोदिमिर आगाफोन्किन या युक्रेनी प्रोग्रामरने २०११ मध्ये आणलेली मुक्त लायब्ररी. आकाराने लहान, आणि पिन-नकाशाच्या कामाला पुरून उरते. हा लेख तिच्या १.९ मालिकेवर बेतला आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला प्रकल्प. त्याचा नकाशा जगभरचे स्वयंसेवक भरतात. खातं, कार्ड, की (सेवा वापरायचा परवाना-संकेत), काहीच लागत नाही, त्यामुळे शिकताना अडत नाही.

फुकट आहे म्हणून मोकाट नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा टाइल सर्व्हर, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे (टाइल्स) पुरवणारा सर्व्हर, देणग्यांवर चालतो. नकाशाच्या कोपऱ्यात श्रेय दिसलंच पाहिजे, टाइल्स घाऊक उतरवून ठेवायच्या नाहीत, आणि गर्दी वाढली तर पैसे देऊन दुसरा पुरवठादार घ्यायचा. एक तांत्रिक खोच: विनंती कुठल्या संकेतस्थळावरून आली ते हा सर्व्हर रेफरर पाहून ठरवतो. जँगो या पायथन फ्रेमवर्कची सुरक्षा मिडलवेअर मूळ सेटिंगमध्ये रेफरर दुसऱ्या डोमेनला पाठवतच नाही, आणि मग नकाशाऐवजी ‘प्रवेश नाकारला’ अशा टाइल्स दिसू शकतात. रेफरर पॉलिसी ‘स्ट्रिक्ट-ओरिजिन-व्हेन-क्रॉस-ओरिजिन’ केली की काम होतं.

गूगल मॅप्समध्ये दुकानांची आणि इमारतींची नावं जास्त सापडतात, हे खरं. पण तिथे बिलिंग खातं लागतं, की ब्राउझरमध्ये उघडी दिसत असल्याने ती आपल्या डोमेनपुरती मर्यादित करावी लागते, आणि त्यांच्या शोधातून आलेले पत्ते दुसऱ्या कुणाच्या नकाशावर दाखवायला अटींची आडकाठी असते. मॅपमायइंडियाचा मॅपल्स हा देशी पर्यायही आहे.

सीमारेषांचा मुद्दा लोक विसरतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार गुन्हा आहे. ओपनस्ट्रीटमॅपचा नेहमीचा नकाशा काश्मीरकडे ताबारेषेनुसार सीमा दाखवतो. वाईपुरत्या फॉर्मला यावर सोपा तोडगा आहे: नकाशाला वाईबाहेर जाऊच द्यायचं नाही. लीफलेटमध्ये ‘मॅक्सबाउंड्स’ म्हणून नैर्ऋत्येचा कोपरा १७.९२, ७३.८६ आणि ईशान्येचा १७.९८, ७३.९२ द्या, ‘मिनझूम’ १३ ठेवा. देशाची सीमा कधी दिसतच नाही. वर, बोट घसरून कुणी थेट भूतानात पोचत नाही. देशभरासाठी फॉर्म असेल, त्यातून सरकारी, तर मात्र नकाशाचा पुरवठादार निवडण्याआधीच हा मुद्दा लेखी विचारून घ्या.

पानावर नकाशा उतरवणं

लीफलेटची स्टाइल फाइल, मग तिची स्क्रिप्ट, मग आपली स्क्रिप्ट, याच क्रमाने. नकाशासाठी एक ‘डिव्ह’ आणि त्याला सीएसएसमध्ये ठरावीक उंची. फोनवर ३०० ते ३५० पिक्सेल ठीक वाटते. उंची दिली नाही तर डिव्ह शून्य उंचीचा होतो, नकाशा दिसत नाही आणि कन्सोलमध्ये एकही चूक दिसत नाही. टाइल्स पानभर विखुरलेल्या दिसल्या तर स्टाइल फाइल पोचलेली नाही. नकाशाचा एकच कोपरा भरला आणि बाकी राखाडी राहिलं, तर नकाशा लपलेल्या टॅबमध्ये किंवा पॉपअपमध्ये तयार झाला आहे. तो भाग उघडल्यावर ‘इनव्हॅलिडेटसाइज’ बोलवा. बंडलर (फाइली एकत्र बांधणारं साधन) वापरत असाल आणि पिनच्या जागी तुटलेलं चित्र दिसत असेल, तर चित्राच्या फाइलींचा पत्ता हाताने द्यावा लागतो. रिअ‍ॅक्टमध्ये ‘मॅप कंटेनर आधीच सुरू आहे’ अशा अर्थाची चूक आली तर घटक निघताना ‘रिमूव्ह’ बोलवायचं राहिलंय.

माऊसच्या चाकाने होणारं झूम बंद ठेवा. फॉर्म खाली सरकवताना मध्येच नकाशाच झूम होऊ लागला की माणूस वैतागतो.

पिन लावणं

इथे जरा थांबू.

‘क्लिक’ या घटनेत लीफलेट अक्षांश-रेखांश हातात देतो. मार्कर (लीफलेटच्या भाषेत पिन) एकदाच बनवा, पुढच्या प्रत्येक टॅपला त्याच मार्करची जागा ‘सेटलॅटएलएनजी’ने बदला. टॅपगणिक नवा मार्कर बनवला तर नकाशावर पिनांचं रान माजतं आणि खरी कुठली ते कळत नाही. मार्कर ‘ड्रॅगेबल’ ठेवा आणि ‘ड्रॅगएंड’ला नवी जागा वाचा.

आता मुख्य सूचना. जागा बदलण्याचे रस्ते चार आहेत: टॅप, ओढणं, जीपीएस आणि शोध. चारही रस्त्यांना एकाच फंक्शनमधून जायला लावा. त्याला ‘जागा ठेवा’ म्हणू. त्याने मार्कर हलवायचा, आकडे सहा घरांपर्यंत कापून लपलेल्या रकान्यांत लिहायचे, ‘कशी निवडली’ हा रकाना भरायचा आणि नकाशाखाली ‘जागा निवडली आहे’ असं दाखवायचं. प्रत्येक रस्त्याने रकाने आपापले भरले, तर कधीतरी पिन एका पोलवर दिसेल आणि रकान्यात आधीच्या टॅपचे आकडे राहतील. मग तक्रारदार शपथेवर सांगेल की पिन बरोबर होती, आणि त्याचं खरंच असेल.

दुसरी सूचना झूमबद्दल. वाईच्या अक्षांशावर झूम १४ ला पडद्यावरचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सुमारे ९ मीटर. बोटाचा ठसा ४० पिक्सेलचा धरला तरी त्याखाली साडेतीनशे मीटरचा टापू झाकला जातो, म्हणजे एका टॅपमध्ये अख्खी पेठ. झूम १७ ला पिक्सेल सुमारे १.१ मीटरवर येतो आणि १९ ला ३० सेंटिमीटरच्याही आत. म्हणून झूम १७ पेक्षा कमी असताना टॅप झाला तर पिन लावूच नका. नकाशा त्या ठिकाणी १८ वर न्या आणि म्हणा, ‘आता नेमका पोल दाखवा.’ एवढ्या एका अटीने चुकीच्या पिना जितक्या कमी होतात तितक्या दुसऱ्या कशानेच होत नाहीत.

टॅक्सीच्या अ‍ॅपमध्ये पिन मध्यभागी स्थिर असते आणि खालचा नकाशा सरकतो. फोनवर ते छान चालतं, कारण बोटाखाली पिन झाकली जात नाही. पण तिथे नकाशा नुसता चाळवला तरी जागा बदलते, म्हणून ‘हीच जागा’ असं वेगळं बटण द्यावंच लागतं. पहिल्या प्रयत्नाला टॅप आणि ओढणं पुरे.

‘माझं ठिकाण’ बटण

पहिली गंमत अशी की हे बटण फॉर्मच्या आत असतं, आणि फॉर्ममधल्या बटणाला प्रकार सांगितला नाही तर ब्राउझर त्याला ‘सबमिट’ समजतो. माणूस ठिकाण विचारायला जातो आणि अर्धी तक्रार रवाना होते. त्यामुळे प्रकार ‘बटन’ असा स्पष्ट लिहा.

ठिकाण विचारायची सोय ब्राउझर फक्त एचटीटीपीएसवर देतो. क्रोमने हे २०१६ पासून सक्तीचं केलं. ‘लोकलहोस्ट’ला सूट आहे, म्हणून लॅपटॉपवर चालतं. मग तुम्ही फोनवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता उघडता आणि बटण मुकं होतं. कोड बरोबर आहे, पत्ता सुरक्षित नाही.

‘गेटकरंटपोझिशन’ला तीन पर्याय देता येतात. ‘टाइमआउट’ दिला नाही तर तो अनंत असतो, म्हणजे माणूस फिरत्या चक्राकडे बघत बसतो. १० सेकंद द्या. ‘एनेबलहायअ‍ॅक्युरसी’ चालू ठेवा. ‘मॅक्सिममएज’ शून्य असलेलं बरं. चुकांचे क्रमांकही तीनच: १ म्हणजे परवानगी नाकारली, २ म्हणजे ठिकाण मिळत नाही, ३ म्हणजे वेळ संपली. तिन्हींना वेगळे संदेश लिहा आणि प्रत्येकाचा शेवट ‘नकाशावर बोट ठेवूनही जागा दाखवता येईल’ असा करा. पान उघडताक्षणी परवानगी मागू नका. कशासाठी ते न कळताच विचारलं की लोक ‘नाही’ दाबतात, आणि एकदा नाकारलेली परवानगी सेटिंगमध्ये जाऊन परत देणारा माणूस विरळा.

उत्तरात आकड्यांबरोबर ‘अ‍ॅक्युरसी’ येते, मीटरमध्ये. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. डेस्कटॉपवर जीपीएस नसतं, तिथे वायफाय किंवा आयपीवरून अंदाज बांधला जातो आणि तो काही किलोमीटर चुकू शकतो. फोनवरही अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून माणूस अ‍ॅपला किंवा ब्राउझरला फक्त ढोबळ ठिकाण देऊ शकतो. अचूकता ५० मीटरच्या आत असेल तरच पिन लावा. जास्त असेल तर तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढून नकाशा तिकडे न्या आणि पिन माणसाला लावू द्या. मर्यादेच्या बाहेरचं ठिकाण आलं, म्हणजे तक्रारदार पुण्यात बसून वाईच्या पोलबद्दल लिहितोय, तर ‘तुम्ही सध्या वाईबाहेर दिसता, पोल नकाशावर दाखवा’ असं सांगा.

शोधाची पेटी हवी का?

ओपनस्ट्रीटमॅपचा शोध म्हणजे नॉमिनाटिम. सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला एकच विनंती चालते, आणि टाइप करता करता सुचवणाऱ्या पेटीसाठी तो वापरायला मनाई आहे. म्हणजे ‘शोधा’ असं बटण द्यायचं आणि ते दाबल्यावरच विचारायचं. ‘व्ह्यूबॉक्स’मध्ये वाईची चौकट आणि ‘बाउंडेड’ १ दिलं की भलत्या गावांची नावं येत नाहीत. ‘अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज’ला मराठीचा कोड दिला तर स्वयंसेवकांनी मराठी नावं भरलेली असतील तिथे ती मिळतात. पेटीत एंटर दाबल्यावर फॉर्म जाऊ नये म्हणून तो अडवा.

हे सगळं सांगूनही वाईच्या फॉर्ममध्ये मी शोधाची पेटी ठेवणार नाही. लोक ज्या खुणांनी बोलतात त्यातल्या फार थोड्या कुठल्याही नकाशाच्या यादीत असतात. ‘ढोल्या गणपती’ सापडेल. ‘पिठाच्या गिरणीजवळ’ सापडणार नाही. त्यापेक्षा प्रभागांची एक ड्रॉपडाउन यादी द्या आणि प्रभाग निवडला की नकाशा तिथे न्या. फुकट, झटपट, आणि प्रभाग क्रमांक तसाही कार्यालयाला लागतोच. जाता जाता एक: चौक, देऊळ, दवाखाना नकाशावर नसेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडून तो स्वतः घालता येतो. दोन-तीन उत्साही मुलं बसली तर एका गावाचा नकाशा चांगला भरतो.

पिनवरून पत्ता काढणं, म्हणजे उलटा शोध, हाही नॉमिनाटिम करतो. तो पत्ता सुचवणी म्हणून दाखवा. माणसाने हाताने लिहिलेली खूण त्याने पुसली जाता कामा नये. भारतात पत्त्याचं कोडं जुनंच आहे. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यामागचे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे नामवंत कवीही होते. डाक विभागाने २०२५ मध्ये डिजिपिन आणला. त्यात देशाच्या सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत मिळतो आणि तो अक्षांश-रेखांशावरून थेट काढता येतो. हौस असेल तर तो पावतीवर छापा, पण साठवायचे ते मूळ आकडेच.

सर्व्हरवर काय तपासायचं

लपलेल्या रकान्याला ‘रिक्वायर्ड’ लावून भागत नाही, कारण ब्राउझर ‘हिडन’ रकाने तपासतच नाही. म्हणून पाठवण्याआधी जावास्क्रिप्टने तपासा आणि सर्व्हरवर पुन्हा तपासा.

रिकाम्या रकान्याचा एक सापळा आहे. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या मजकुराचं ‘नंबर’ने रूपांतर केलं की शून्य मिळतं. दोन्ही रकाने रिकामे, म्हणजे ठिकाण शून्य-शून्य. ही जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात आहे आणि जगभरच्या अशा चुकलेल्या नोंदी तिथे जमतात म्हणून तिला थट्टेने ‘नल आयलंड’ म्हणतात. तेव्हा आधी रकाना रिकामा आहे का ते बघा, मग रूपांतर करा.

आपल्याकडचा खास सापळा देवनागरी अंकांचा. माणसाने आकडे हाताने टाइप करायची सोय ठेवली तर कुणीतरी ‘१७.९५’ असं देवनागरीत लिहिणारच. पायथनचं ‘फ्लोट’ ते निमूट वाचतं, जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ मात्र ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’, म्हणून हात वर करतं. उलट बाजूने, मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) देऊन ‘टू-लोकेल-स्ट्रिंग’ केलंत तर आकडे देवनागरीत येतात. ते पडद्यावर दाखवायला उत्तम, पण लपलेल्या रकान्यात जाता कामा नयेत. तिथे ‘टूफिक्स्ड’ वापरा.

मग मर्यादा तपासा. अक्षांश १७.९२ ते १७.९८ मध्ये आहे का, रेखांश ७३.८६ ते ७३.९२ मध्ये आहे का? एवढ्या दोन ओळींत उलटे आकडे, शून्य-शून्य आणि बाहेरगावचे टॅप, तिन्ही पकडले जातात. नगरपरिषदेची खरी हद्द वेडीवाकडी असते. तिचा बहुभुज हाताशी असेल तर पोस्टजीआयएसमध्ये तपासणी आणखी नेमकी होते, पण पहिल्या दिवशी चौकटीवर भागतं. रकान्याचा प्रकार ‘डेसिमल’, एकूण ९ अंक आणि त्यातले ६ दशांशानंतर.

फॉर्म चुकीमुळे परत आला, समजा मोबाइल नंबर अपुरा होता, तर पान पुन्हा उघडताना लपलेल्या रकान्यांतले आकडे वाचून पिन परत लावा. दुसऱ्यांदा पोल शोधायचा कंटाळा म्हणून तक्रार सोडून देणारे बरेच असतात.

ज्यांना नकाशा चालवता येत नाही ते

नेट मंद असेल, टाइल्स येणार नाहीत. डोळ्यांनी दिसत नसेल, नकाशाचा उपयोग नाही. हात थरथरत असेल, पिन ओढता येणार नाही. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ या २०२३ च्या निकषांत असं कलमच आहे की ओढून होणारं काम न ओढताही करता आलं पाहिजे. आपला टॅप ते भागवतो. पण नकाशा अजिबात न वापरताही तक्रार गेली पाहिजे: प्रभाग आणि खूण एवढ्यावर. पिन नसेल तर ‘पिन न लावता पाठवायचं आहे का?’ एवढं विचारा आणि जाऊ द्या. अशा नोंदीत अक्षांश-रेखांश रिकामे, म्हणजे ‘नल’, ठेवा. गावाचा मध्यबिंदू घालून भरू नका.

ठिकाण ही वैयक्तिक माहिती ठरू शकते, आणि २०२३ पासून आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. तक्रारींचा सार्वजनिक नकाशा काढणार असाल तर पोलची जागा दाखवा, तक्रारदाराचं नाव आणि नंबर नको.

चाचणी आणि शेवटचं टोक

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये ‘सेन्सर्स’ नावाचा भाग आहे. तिथे खोटं ठिकाण देता येतं, ‘ठिकाण मिळत नाही’ अशी अवस्थाही आणता येते. परवानगी नाकारून, नेट मंद करून, बाहेरगावचं ठिकाण देऊन पाहा. मग खरा फोन घेऊन एका पोलखाली उभे राहा, तक्रार पाठवा आणि डेटाबेसातले आकडे वेगळ्याच नकाशावर टाकून बघा. स्वतःच्याच नकाशावर पाहिलंत तर दोन्हीकडे सारखीच उलटापालट असली तरी पिन बरोबर दिसेल, म्हणून वेगळा नकाशा.

वायरमनला आकडे पाठवू नका, लिंक पाठवा. गूगल मॅप्सच्या साध्या पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे ‘क्यू’, बरोबरचं चिन्ह आणि स्वल्पविरामाने जोडलेले अक्षांश-रेखांश घातले की फोनवर थेट ती जागा दिसते. त्याला की किंवा खातं लागत नाही. त्याच मेसेजात खूण शब्दांत द्या, कारण फोनचं जीपीएस पोलखाली उभं राहूनही काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, आणि चौकात तेवढ्या अंतरात दोन पोल असू शकतात. पोलवर क्रमांक रंगवलेला असेल तर त्यासाठी फॉर्ममध्ये एक ऐच्छिक रकाना ठेवा आणि मेसेजमध्ये तो सगळ्यात वर येऊ द्या.